बुटक्यांचा डबा

माझ्या बुटक्या टोमॅटोंवर तोंडसुख घेतलं नाही असा माणूस आमच्या संस्थेत सापडायचा नाही. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांचं हसून झालं. वीतभर उंची, काळपट हिरवी चुरगळलेली पानं, फुलं येतात पण फळ धरत नाही. मॅडम, यांना टॉनिक द्या, मॅडम, यांना झाडाला लोंबकळायला शिकवा, असे विनोद मी इतक्यांदा ऐकले की शेवटी विनोद करणाऱ्यांनाच कंटाळा आला. आमच्याकडे माणसं पिकावरून ओळखली जातात. मक्यावर काम करणारे ते मकेवाले सर, भातावरची ती भाताची मॅडम. मी टोमॅटोवाली मॅडम, आणि माझ्या पाठीमागे बुटक्यांची आई.

आता हे एकदा नीट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. झाडाची पेशी वाढायला नेहमी तयारच असते, फक्त तिच्यात एक ब्रेक लावलेला असतो. जिबरेलिन नावाचं एक हार्मोन येतं आणि तो ब्रेक काढतं. मग पेशी ताणली जाते, लांब होते, आणि खोड उंच होतं. हे हार्मोन झाड स्वतःच तयार करतं, पायरी पायरीने, आणि प्रत्येक पायरीचं काम एकेका जनुकाने वाटून घेतलेलं असतं. त्यातलं एक जनुक बिघडलं की साखळी तिथेच तुटते. हार्मोन नाही, ब्रेक निघत नाही, झाड बुटकं. हा झाला पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात हार्मोन भरपूर असतं, पण ब्रेक त्याला दादच देत नाही. वरून पाहिलं तर दोन्ही बुटकी सारखीच दिसतात. फरक ओळखायचा तर बाहेरून हार्मोन फवारायचं. पहिल्या प्रकारचं झाड भराभर वाढतं, दुसरं ढिम्म हलत नाही. माणसांनाही मी मनातल्या मनात याच दोन खणांत टाकत आले आणि माझा अंदाज सहसा चुकलेला नाही.

माझी बुटकी पहिल्या प्रकारची. फवारलं तरच वाढणारी, आणि फुलांवर फवारलं तरच फळ धरणारी. दर पिढीचं बी असं हाताने मिळवावं लागायचं. शिवाय त्यांची आणखी एक खोड होती. त्यांचं बी साध्या पाण्यात उगवत नाही. बी फुटायलासुद्धा तेच हार्मोन लागतं, आणि ते त्या बीला स्वतःला करता येत नाही. हार्मोनच्या पाण्यात भिजवलं की मात्र छान कोंब येतात. साध्या पाण्यात ठेवलं तर ते मेल्यासारखं पडून राहतं, आणि न सांगता कोणी पाहिलं तर मेलेलंच म्हणेल.

त्या बिघडलेल्या जनुकाचा शोध हेच माझं नोकरीतलं सगळं काम. निवृत्त होईपर्यंत ते पुरं झालं नाही. निवृत्तीनंतर संस्थेने उपकार केल्यासारखं प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक टेबल दिलं, पगाराशिवाय. त्या टेबलावर मला जनुक सापडलं. आता एकच गोष्ट उरली होती. चांगल्या टोमॅटोमधलं धडधाकट जनुक काढून बुटक्यात घालायचं आणि ते उंच होतं का बघायचं. झालं तर सिद्ध झालं, नाहीतर माझं म्हणणं नुसतं म्हणणंच. त्यासाठी लागणारं बी कोल्ड रूममध्ये एका पत्र्याच्या डब्यात होतं. तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं, आणि जगात दुसरीकडे कुठेही नसलेलं.

विभागाची प्रमुख माझी मुलगी होती. हे सांगताना लोक भुवया उंचावतात म्हणून लगेच पुढचं सांगते. तिला मी चिकटवली नव्हती. ती भातावर कनिष्ठ संशोधक म्हणून लागली तेव्हा कुजबुज झालीच होती. तेव्हा मी भर बैठकीत उभं राहून सांगितलं होतं की या गेटाच्या आत माझी मुलगी कोणी नाही. त्या दिवसापासून ती मला मॅडम म्हणायची आणि मी तिला. दोघींचं अहो-जाहो. आम्ही एकाच स्कूटरवरून यायचो, ती पुढे, मी मागे. घरून निघताना "आई, गोळी घेतलीस का" असा सुरू झालेला प्रश्न गेट ओलांडल्यावर "घेतलीत ना, मॅडम" असा संपायचा. वॉचमनला याची फार गंमत वाटे. मला अभिमान वाटत असे. घरी मात्र ती चिमीच होती. आम्ही दोघीच राहायचो. तिचे बाबा गेले तेव्हा ती शाळेत होती, आणि ते असेपर्यंत म्हणत की या घरात झाडं मोठ्या माणसांसारखी वागवली जातात आणि माणसं झाडांसारखी. विनोदी होते.

माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मला काही आठवडे घरी बसवलं गेलं. दुसराही डोळा पिकलेला, त्यामुळे काळा चष्मा लावून मी मागच्या गॅलरीत बसून असायची आणि जग दुधात पडल्यासारखं धूसर दिसायचं. चिमी सकाळी निघण्याआधी आणि आल्यावर डोळ्यात थेंब घालायची. तिचा हात हलका आहे. हनुवटीखाली दोन बोटं धरून मान वर करायची आणि थेंब कसा पडला ते कळायचंही नाही. त्या दिवसांत तिच्या बोटांना टोमॅटोच्या पानांचा तो उग्र वास यायचा. मी एकदा विचारलंही, तुम्ही भातवाले कधीपासून टोमॅटोला हात लावायला लागलात. ती हसली आणि म्हणाली, डोळा मीट.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच सकाळी मी संस्थेत गेले. धडधाकट जनुक तयार होतं. जीवाणूंच्या पोटात घालून फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. आता फक्त बी भिजवायचं, रोपं करायची आणि पानांच्या तुकड्यांतून जनुक आत सोडायचं. कोल्ड रूममध्ये गेले तर माझी फळी रिकामी. नुसती रिकामी नाही, पुसलेली.

कोल्ड रूम सांभाळणाऱ्या बाईंनी सांगितलं की जागा कमी पडत होती म्हणून साफसफाई झाली. प्रत्येक डब्यातलं थोडं बी ओल्या कागदावर मांडलं. ज्याला कोंब आले ते ठेवलं, ज्याला नाही आले ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आमच्या त्या मोठ्या कुकरमध्ये, वाफवून टाकून दिलं. तुमच्या डब्यातलं एकही आलं नाही हो, मॅडम, बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मी विचारलं, कागद कशाने ओला केला होता? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. पाण्याने, आणखी कशाने.

 मी तशीच प्रमुखांच्या खोलीकडे गेले. वाटेत भाषण तयार केलं. तू विसरलीस कशी, लहानपणी माझ्या टेबलाशी उभी राहून त्या बियांवर ड्रॉपरने हार्मोन कोण सोडायचं, हातमोजे न घालता हात लावलास म्हणून ओरडा कोणी खाल्ला होता, वगैरे. विसरण्यावरचं माझं भाषण फार चांगलं तयार झालं होतं.

"मॅडम, बसा," ती म्हणाली.

मी उभीच राहिले. "ते बी पाण्यात उगवत नाही, हे तुमच्या लक्षात राहिलं नाही?"

तिने टेबलावरचं पेन उचललं आणि परत जिथल्या तिथे ठेवलं.

"लक्षात होतं," ती म्हणाली.

माझं भाषण तिथेच मेलं. मग तिने हळूहळू सांगितलं. माझ्या डब्याची पाळी यायच्या आदल्या आठवड्यात मकेवाले सर तिच्याकडे आले होते. त्यांचा जुना मका साध्या चाचणीत उतरत नव्हता आणि त्यांना एक सवलत हवी होती, उबदार वाळूत पुन्हा एकदा बघू द्या म्हणत होते. तिने नाही म्हटलं. सगळ्यांना एक नियम, कागद आणि पाणी. त्यांचं चांगलं चार फळ्या भरून बियाणं कुकरमध्ये गेलं. सर तेव्हापासून तिच्याशी बोलत नव्हते. आणि त्यानंतर तिने माझ्या डब्यासाठी खास पाणी मागवायचं? सगळा विभाग म्हणाला असता, आईचा डबा होता म्हणून.

"या गेटाच्या आत माझी मुलगी कोणी नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत, मॅडम," ती म्हणाली. "मग माझी आई तरी इथे कशी असेल?"

तिने हे आवाज न चढवता म्हटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं आणि वर चारचौघांत सांगितलंही असतं. मी रिक्षा करून घरी आले आणि बाहेरच्या खोलीत चपला न काढता बसून राहिले. सगळं संपलं होतं. माझ्या फ्रीजरमध्ये जनुक होतं आणि ते ज्यात घालायचं ते झाड जगात नव्हतं.

संध्याकाळी चिमी आली. हेल्मेट ठेवलं, हात धुतले, आणि माझ्याकडे न बघता मागच्या गॅलरीचं दार उघडलं. म्हणाली, आई, इकडे ये. मी गेले नाही. ती परत आली आणि मला दंडाला धरून घेऊन गेली.

मी इतके दिवस ज्या खुर्चीत बसत होते तिच्या मागेच, कठड्याच्या आतल्या बाजूला, प्लॅस्टिकच्या रिकाम्या डब्यांची एक रांग होती. प्रत्येक डब्यात एक बुटकं. काळपट हिरवं, चुरगळलेलं, बोटभर उंच. तो वास तिथूनच यायचा. मी रोज त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून डोळ्यांना दिसत नाही म्हणून कुरकुरत होते.

डबा चाचणीला जायच्या आधी चिमूटभर बी काढून तिने रुमालात बांधलं होतं. माझ्या जुन्या हार्मोनची बाटली घरच्या फ्रिजच्या दारात होतीच. भिजवलं, पेरलं, आणि माझे डोळे नीट झाल्यावर दाखवायचं म्हणून गप्प राहिली. घरी आधी का नाही सांगितलंस, मी विचारलं. म्हणाली, सांगितलं असतं तर तू चाचणी थांबवायला लावली असतीस, आणि मी थांबवली असती.

मला रडू आलं. डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण आलं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. असं याआधी केव्हा केलं होतं ते मला आठवेना. ती लहान मुलीसारखी मान खाली घालून उभी राहिली होती, आणि इतकी खूश मी तिला प्रमुख झाली त्या दिवशीही पाहिली नव्हती.

मग मी म्हटलं, "उद्याच ही आत नेऊ."

माझ्या हाताखालची मान ताठ झाली. "आत?"

"इथे जनुक कसं घालणार? सगळी सामग्री तिकडे आहे."

"ही मी तुझ्यासाठी आणलीत, आई. घरात."

"घरात ठेवून काय करू? बघत बसू?"

"जिवंत तर आहेत," ती म्हणाली.

अडचण काय होती तेही सांगते. पूर्वी एकदा कोणाच्या तरी घरच्या कुंडीतून पांढरी माशी ग्रीनहाऊसमध्ये आली आणि सगळ्या हंगामाचं काम धुळीला मिळालं. त्यानंतर मीच नियम केला होता की गेटाबाहेरचं एकही रोप आत येणार नाही. यायचंच असेल तर ते कुठून आलं, बाहेर कसं गेलं, हे विभागप्रमुखाने लिहून द्यायचं आणि खाली सही करायची. म्हणजे चिमीला लिहावं लागणार होतं की चाचणी चालू असताना कोल्ड रूममधलं बी मी विनापरवानगी घरी नेलं. माझ्या आईसाठी नेलं. मकेवाले सर अशा कागदाची वाटच बघत बसले होते. दुसरं काहीतरी लिहून वेळ मारून नेता आली असती, पण मग माझ्या शोधनिबंधात रोपांचा उगमच खोटा ठरला असता. खोट्यावर उभं केलेलं काम मला नको होतं.

मी तिला म्हटलं, तुझ्यापुढे अख्खी नोकरी पडली आहे, माझ्यापुढे हे एकच आहे. हे खरं होतं. तिने "माझी खुर्ची जाईल" असं एकदाच म्हटलं, फार सौम्यपणे, आणि मी म्हटलं की खुर्च्या येतात-जातात. हेही खरंच आहे. मग ती डब्यांपाशी वाकली. एकाचं पान मातीला टेकलं होतं ते तिने बोटाने वर उचललं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "हे तू मॅडम म्हणून मागतेस की आई म्हणून?"

मॅडम म्हणून मागायचा मला काही हक्क नव्हता. मी निवृत्त होते, कोपऱ्यातल्या टेबलावरची पाहुणी. शिवाय मॅडमना ती काय उत्तर देते ते मी सकाळीच ऐकलं होतं.

"आई म्हणून," मी म्हटलं.

तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सगळं स्पष्ट लिहून दिलं आणि सही केली. मी तिचा हात धरून सही करवून घेतलेली नाही, हे इथे नमूद करते, कारण नंतर लोकांनी वाटेल ते बोलून घेतलं.

चौकशी झाली. जे व्हायचं ते झालं. मकेवाले सर प्रमुख झाले आणि चिमीची बदली आवाराच्या दुसऱ्या टोकाला बियाणे चाचणीत झाली. तिथे दिवसभर ओल्या कागदावर बी मांडायचं आणि कोंब मोजायचे. सरांनी ही जागा मुद्दाम निवडली असणार, त्यांना तेवढी विनोदबुद्धी आहे. तिने तक्रार केली नाही. तिला सकाळी लवकर जावं लागायचं म्हणून आमचं स्कूटरवरून एकत्र जाणं बंद झालं. स्वयंपाक करून, माझं ताट झाकून ती निघून जायची. घरात आवाज कमी झाले. मला वाटलं, तिला थोडा वेळ लागेल. मला वेळ नव्हता, मी कामाला लागले होते.

पानांचे तुकडे, जीवाणू, बाटल्यांमधले इवले कोंब, त्यांना मुळं फुटायची वाट बघणं, यात पुढचं वर्ष गेलं. बरेच तुकडे काळे पडले. जे जगले त्यांतले काही बुटकेच राहिले, आणि मी ते उचलून बाजूला ठेवले. मग एक दिवस ग्रीनहाऊसमध्ये शिरले तर एका कुंडीतलं रोप शेजाऱ्यांपेक्षा टाचा उंचावून उभं असल्यासारखं दिसलं. मी स्वतःला गप्प बसवलं. काही आठवड्यांनी ते माझ्या कमरेला लागलं. हार्मोनचा एक थेंबही बाहेरून दिलेला नव्हता. खोडाचा पातळ काप काढून मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बुटक्याच्या पेशी ठेंगण्या, विटांसारख्या असतात. या लांबसडक होत्या, एकापुढे एक. ब्रेक निघाला होता. माझं जनुक खरं होतं. हे दाखवायला आजूबाजूला कोणीही नव्हतं.

नाही म्हणायला मकेवाले सर आले. पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला, विभागाची मान उंचावली असं म्हणाले. फोटोत ते झाड आमच्या दोघांच्या मध्ये आहे. कोणीतरी ओरडलं, बुटक्यांची आई, आता हसा. मी हसले.

त्या झाडाचं एक पान वहीत घालून मी घरी आले. दरम्यान माझ्या डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं होतं आणि पुन्हा ते थेंब सुरू होते. चिमी आधीच आली होती. औषधाची बाटली तळहातात धरून गरम करत होती, कारण थंड थेंब मला झोंबतो. हे तिला कोणी सांगितलेलं नाही, तिनेच ओळखलं होतं.

मी पान तिच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "चिमी, वाढलं गं."

तिने पान हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, शिरेवरून बोट फिरवलं. चांगलं काम करणाऱ्या माणसाने चांगलं काम बघावं तसं पाहिलं. मग ते मला परत दिलं.

"अभिनंदन, मॅडम," ती म्हणाली. "बसा. थेंबांची वेळ झालीय."

मला वाटलं, ती चिडवतेय. मी हसून तिच्याकडे पाहिलं. आता मला सगळं स्वच्छ दिसत होतं, तिच्या कानाजवळचे पांढरे केससुद्धा, आणि ती चिडवत नव्हती. मी खुर्चीत बसले, चष्मा काढला. तिने हनुवटीखाली दोन बोटं धरली. हात तसाच हलका होता. बोटांना आता कसलाही वास नव्हता, ओल्या कागदाचा असेल तेवढाच.

"अगं, आपण घरात आहोत," मी म्हटलं.

"हो, मॅडम," ती म्हणाली. "मान वर करा."